आईला कोर्टात नेण्याआधी अर्जातली नावं मोजा

पत्र थोडं आटोपशीर करून देतो.

«माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. फेब्रुवारीत गेले. मृत्युपत्र केलेलं नाही. निवृत्तीचे २२ लाख रुपये राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत आहेत, नॉमिनी कुणीच लावलेला नाही. जिल्हा बँकेत तीन लाख आहेत, तिथेही नॉमिनी नाही. गावच्या पतसंस्थेत दोन लाख आहेत, तिथे धाकट्या भावाचं नाव आहे. शिवाय दोन एकर जमीन आणि गावातलं घर. बँकेने कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे उत्तराधिकाराचा दाखला मागितला. दादाने वकील गाठून तालुक्याच्या कोर्टात आईच्या नावाने अर्ज टाकला. त्यात वारस म्हणून आई, दादा, मी आणि धाकटा अशी चार नावं आहेत. जाहीर नोटीस अजून निघालेली नाही. पुढच्या महिन्यात तारीख आहे आणि मग आईची साक्ष होणार म्हणतात. आई ६३ वर्षांची, चौथी शिकलेली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे ऐकतच ती वाढली. तिच्याबरोबर मी जायचं ठरलंय. त्या दिवशी आजीजवळ कोण थांबणार हाही प्रश्न आहे. वडिलांची आई ८६ वर्षांची आहे आणि तिचं सगळं आईच बघते. दादा म्हणतो, तू फक्त वकील दाखवतील तिथे सही कर. पतसंस्थेचे पैसे माझेच, असं धाकटा म्हणतो. मी काय तयारी करू? — एक लेक, सातारा जिल्हा»

ताई,

माझी नोकरी दिवाणी कोर्टाच्या कचेरीत गेली, त्यामुळे असे अर्ज पुष्कळ हातांखालून गेले. तुम्ही आजीचा उल्लेख तिच्याजवळ कोण थांबणार एवढ्यापुरता केलात. मी पत्र वाचताना तिथेच थांबलो, कारण तुमच्या घरात वारस चार नाहीत, पाच आहेत.

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे बायको, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गातले वारस असतात, आणि प्रत्येकाला सारखा एक हिस्सा मिळतो. गेलेल्या माणसाचे वडील या वर्गात नाहीत, त्याची आई मात्र आहे. लोकांना हे खरं वाटत नाही. मुलाच्या पैशात म्हातारीचा कसला हिस्सा, असं मला कचेरीच्या खिडकीत अनेकांनी विचारलंय. पण कायदा तसाच आहे. २२ लाखांपैकी चार लाख चाळीस हजार तुमच्या आजीचे आहेत आणि तेवढेच तुमचेही आहेत. तुमचं लग्न झालं म्हणून त्यातला रुपया कमी होत नाही.

दादाने हे मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. बहुतेकदा वकील विचारतात, ‘वारस कोण कोण?’ आणि समोरचा माणूस बायको-मुलं सांगून मोकळा होतो. पण कधी कधी मनात दुसरंही काही असतं. उद्या आजी गेली की तिच्या हिश्शात तुमच्या काका-आत्यांचाही वाटा निघतो, ही ती भीती. भीती खोटी नाही. आजीने काही लिहून ठेवलं नाही, तर तिचा हिस्सा तिच्या सगळ्या मुला-मुलींकडे जाईल, आणि तुमच्या वडिलांच्या वाट्याचं तुम्हा भावंडांकडे येईल. पण त्यावर उपाय नाव गाळणं हा नाही. आजी शुद्धीत आणि समजत्या मनाने आपला हिस्सा सुनेला किंवा नातवंडांना देऊ शकते, त्यासाठी मृत्युपत्रही करू शकते. ते तिने ठरवायचं. तिला अंधारात ठेवून किंवा बाजूला बसवून अंगठा घेतला तर मी तुमच्या बाजूला नाही.

नाव गाळून सर्टिफिकेट मिळालं तरी ते पक्कं राहत नाही. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात कलम ३८३ आहे. महत्त्वाची गोष्ट लपवून किंवा खोटं सांगून मिळवलेलं सर्टिफिकेट कोर्ट रद्द करू शकतं. शिवाय साक्षीच्या दिवशी आईला शपथेवर प्रश्न येणारच, ‘यांच्याशिवाय आणखी कुणी वारस आहे का?’ ज्या सासूला तिने सकाळी औषध पाजलं, ती नाहीच असं तिने कोर्टात सांगायचं? आईचा निम्मा धसका मला वाटतं यातूनच आलेला असेल. तिला कायदा माहीत नसला तरी घरात कोण आहे हे माहीत आहे.

म्हणून पहिलं काम असं. तारखेची वाट न बघता या आठवड्यात वकिलांना भेटा आणि दुरुस्ती अर्ज देऊन आजीचं नाव घालायला सांगा. जाहीर नोटीस अजून निघालेली नाही हे तुमचं नशीब. नोटीस छापून आल्यावर नाव घालायचं म्हटलं तर ती पुन्हा काढावी लागण्याची शक्यता असते, म्हणजे पुन्हा खर्च आणि पुन्हा मुदत. दादाशी बोलताना ‘तू आजीला गाळलंस’ असं सुरू करू नका. ‘उद्या कुणी हरकत घेतली तर पैसे आणखी अडकतील’ असं म्हणा. ते खरंही आहे आणि ऐकायलाही सोपं जातं.

आजीला कोर्टापर्यंत आणण्याची गरज बहुधा पडणार नाही. आईच्या नावे सर्टिफिकेट द्यायला माझी हरकत नाही, असं तिचं शपथपत्र होऊ शकतं. अर्थात ते तिला मोठ्याने वाचून दाखवल्यावर. तिची साक्ष हवीच म्हटलं आणि ती उठू शकत नसेल, तर कोर्ट कमिशनर नेमून घरी येऊन जबाब घेण्याची सोय दिवाणी कायद्यात आहे. मागितली की मिळते. मागायचं असतं हेच अनेकांना ठाऊक नसतं.

आता तुमच्या सहीबद्दल. दादा म्हणतो दाखवतील तिथे सही कर. करा, पण वाचून. दोन कागद दिसायला सारखे असतात. एक संमतीचा, म्हणजे पैसे आईने काढायला माझी हरकत नाही असा. दुसरा हक्कसोड, म्हणजे माझा हिस्साच मी सोडला असा. पहिल्यावर बिनधास्त सही करा. त्यात तुमचं काही जात नाही, कारण सक्सेशन सर्टिफिकेट मालकी ठरवत नाही. बँकेने कुणाच्या हाती पैसे दिले की तिची जबाबदारी संपते, एवढंच त्यातून ठरतं. आई ते पैसे सगळ्यांच्या वतीने घेते. दुसरा कागद या अर्जासाठी लागतच नाही. हिस्सा सोडायचा असेल तर तो पुढचा आणि स्वतंत्र निर्णय आहे, आणि जमिनीचा असेल तर त्याला नोंदणीकृत दस्त लागतो. अर्जाच्या गठ्ठ्यात तसला कागद दिसला तर तो बाजूला काढून ठेवा आणि विचारा, हा कशाला?

मला विचाराल तर सध्या वाटणीचा विषयच काढू नका. पैसे आईच्या खात्यात येऊ द्या. तिच्या म्हातारपणाची सोय आधी, मग बाकीचं. आजीचे चार लाख चाळीस हजार मात्र आजीच्या नावाने वेगळे ठेवा. तिचं बँक खाते नसेल किंवा केवायसीअभावी बंद पडलं असेल, तर ते आत्ताच सुरू करून घ्या.

कोर्टात सगळं न्यायची गरज आहे का, हेही बघा. जिल्हा बँकेतल्या तीन लाखांसाठी सर्टिफिकेट लागू नये. मृत खातेदारांच्या दाव्यांबाबत रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये निर्देश काढले. नॉमिनी नसला, मृत्युपत्र नसलं आणि वारसांत वाद नसला, तर सहकारी बँकेत पाच लाखांपर्यंत आणि इतर बँकांत १५ लाखांपर्यंतचे दावे कोर्टाच्या कागदाशिवाय, हमीपत्र आणि बाकीच्या वारसांची संमती घेऊन मिटवायचे आहेत. ३१ मार्च २०२६ पर्यंत हे लागू करण्याचं बंधन बँकांवर घातलं होतं. कागद पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा मिटवायचा, उशीर बँकेमुळे झाला तर व्याज द्यायचं, हेही त्यात आहे. शाखेतला माणूस तरीही ‘कोर्टातून आणा’ म्हणाला, तर त्याला ते लिहून द्यायला सांगा. लिहून द्यायची वेळ आली की बऱ्याच जणांना नियम आठवतात. कोर्ट फी सर्टिफिकेटमधल्या रकमेच्या प्रमाणात असते, म्हणून हे तीन लाख अर्जात घातले असतील तर वकिलांशी बोलून काढून घेता येतील का ते पाहा. २२ लाख मर्यादेच्या वर आहेत, त्यामुळे तिथे बँकेने कोर्टाचा कागद मागणं गैर नाही.

पतसंस्थेतल्या दोन लाखांवर धाकट्याचं नाव आहे म्हणून ते त्याचे, हा घरोघरीचा गैरसमज आहे. नॉमिनीच्या हातात पैसे मिळतात, पण ते सगळ्या वारसांचे म्हणून. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच पुन्हा सांगितलं, की नॉमिनी झाल्याने कुणी मालक होत नाही. धाकट्याने पैसे काढावेत, हिशोब द्यावा, विषय संपला. त्यासाठी कोर्ट नको.

जमीन आणि घर या अर्जात येतच नाही, सक्सेशन सर्टिफिकेट फक्त येणी, म्हणजे ठेवींसारखे कुणाकडून यायचे पैसे, आणि रोख्यांसाठी असतं. सातबाऱ्यावर वारस नोंदीचा अर्ज ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या जुन्या तलाठ्याकडे करा. घराची नोंद ग्रामपंचायतीत. तिथेही पाच नावं. वाद नसेल तर याला कोर्टाचा कागद सहसा लागत नाही. कुठे अडलंच तर १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली वेगळा वारस दाखला कोर्टातूनच काढता येतो. त्यात जाहीरनाम्यानंतर हरकतीसाठी एक महिना ठेवतात. जमीन वडिलांना त्यांच्या वडिलांकडून आलेली असेल तर हिश्शाचं गणित बदलू शकतं, ते वकिलांना विचारा.

आता कागद. मृत्यूचा दाखला, वडिलांचं आणि सगळ्या वारसांचं आधार, रेशनकार्ड, ठेवीच्या पावत्या, पासबुक, आणि बँकेचं पत्र, ज्यात मृत्यूच्या तारखेला कुठल्या ठेवीत किती रक्कम होती हे लिहिलेलं असेल. हे पत्र लोक मागायला विसरतात आणि मग साक्षीच्या दिवशी पावतीवरचा आकडा एक आणि बँकेतला दुसरा असं होतं. अर्जातली ठेवींची यादी आणि या पत्रातली यादी घेऊन बसा, प्रत्येक पावतीचा नंबर बोट ठेवून जुळवा. एखादी ठेव राहिली तर नंतर सर्टिफिकेट वाढवून घेता येतं, पण त्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा. मागणीत ‘व्याजासह’ हा शब्द आहे ना, तेही बघा.

त्याहून जास्त त्रास नावांचा होतो. शिक्षकाच्या सेवापुस्तकात दत्तात्रय, मृत्यूच्या दाखल्यावर दत्तू, पासबुकात नुसतं डी. एस. तुमचं स्वतःचं माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर. आईचं नाव लग्नात बदललं असेल तर शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. हे सगळे फरक एका पानावर लिहून काढा आणि वकिलांच्या हातात ठेवा. ‘उर्फ’ लावून अर्जातच दुरुस्त करायचं की वेगळं शपथपत्र द्यायचं, ते ठरवतील. साक्षीच्या वेळी साहेबांनी विचारण्यापेक्षा आपण आधी सांगितलेलं बरं.

पुढच्या महिन्याची तारीख नोटीस काढण्यापुरतीच असेल तर आईने यायची गरज नसावी. वकिलांना स्पष्ट विचारा, ‘या तारखेला आई हवीच आहे का?’ उगाच तिला बाकावर दिवसभर बसवून आणलंत तर पुढच्या वेळी ती येणारच नाही. ई-कोर्ट्सचं ॲप मोबाईलवर घ्या, त्यात केसचा सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसला मिळालेला स्वतंत्र क्रमांक, टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झालं ते दिसतं. दादावर आणि वकिलांच्या फोनवर अवलंबून राहायला नको. नोटीस वर्तमानपत्रात येईल, कोर्टाच्या फलकावर लागेल. तिचं कात्रण जपून ठेवा. हरकतीची मुदत गेली, कुणी आलं नाही, की मग आईची साक्ष.

साक्ष म्हणजे सिनेमातला पिंजरा आणि ओरडणारा वकील असं काही होत नाही. वकील आधी आईचं शपथपत्र तयार करतील. ते तिला घरी, सावकाश, दोनदा वाचून दाखवा. पाठ करून घेऊ नका. पाठ केलेलं माणूस मध्येच अडकलं की सगळंच विसरतं. तिला फक्त तिचंच आयुष्य विचारणार आहेत: नवरा कधी वारला, कुठे, मुलं किती, सासू आहे का, मृत्युपत्र केलं होतं का, पैसे कुठल्या बँकेत आहेत. मराठीतच विचारतील, मराठीतच सांगायचं. विचारलं तेवढंच बोलायचं. रक्कम पक्की आठवत नसेल तर ‘कागदावर आहे’ म्हणायचं, अंदाज सांगायचा नाही. कळलं नाही तर ‘साहेब, परत सांगा’ म्हणण्यात कमीपणा नाही. सही करता येत असेल तर बँकेत करते तशीच करू द्या. अंगठा देत असेल तर तोही चालतो.

एक गोष्ट घरी नक्की करा. तुमच्या आईला गावात सगळे कदाचित अक्का किंवा मोठी वहिनी म्हणत असतील. कोर्टाचा शिपाई दारात उभा राहून पुकारा करतो तो कागदावरच्या पूर्ण नावाने, आणि तोही घाईत, अर्धा गिळून. आपलं नाव पुकारलं हे न कळल्याने बाकावरच बसून राहिलेल्या बायका मी पाहिल्यात. तेवढ्यात पुढचं प्रकरण सुरू होतं. त्या दिवशी कान तुमचे हवेत.

अकराच्या आधी पोचा. दाराबाहेर त्या दिवसाचा बोर्ड लावलेला असतो, त्यात आपला नंबर बघा. नंबर खालचा असेल तर बेंच क्लार्कला किंवा वकिलांच्या ज्युनियरला विचारा, सकाळी होईल की जेवणानंतर. मूळ कागद एका पिशवीत, झेरॉक्स दुसऱ्या पिशवीत. मोबाईल आत जाताना बंदच करा, थरथरलेला फोनही शांत खोलीत ऐकू येतो. डबा, पाणी, आईची गोळी बरोबर असू द्या. तालुक्याच्या जुन्या इमारतीत बायकांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे हे आल्याबरोबर शोधून ठेवा. ही किरकोळ गोष्ट नाही, निम्म्या म्हाताऱ्या बायका याच कारणासाठी दिवसभर पाणी पीत नाहीत आणि साक्षीच्या वेळी त्यांना घेरी येते. आवारात कुणी ‘लवकर करून देतो’ म्हणत आला तर त्याला कागद दाखवू नका. आणि साहेब रजेवर निघाले, पुढची तारीख पडली, तर अपशकुन झाला असं आईला वाटू देऊ नका. हे नेहमी होतं.

पैशांचं आधी बोलून घ्या. वकिलांची फी किती आणि कोणत्या टप्प्याला, नोटीस छापण्याचा खर्च कुणी करायचा, सर्टिफिकेटच्या वेळी कोर्ट फी किती भरावी लागेल. शेवटचा आकडा बऱ्याच घरांत ऐनवेळी कळतो आणि मंजूर झालेलं सर्टिफिकेट फी भरेपर्यंत हातात येत नाही. वकिलांचा खर्च झेपत नसेल तर हे जाणून असा, की १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय कोर्टातच असतं, फोन करायचा असेल तर १५१००. तुमच्या आईला ही सोय आहे, तुम्हाला आहे आणि आजीलाही. दादा आणि तुमचं पटेनासं झालं, तर आजीचा वकील वेगळा असणंच चांगलं. एकाच वकिलाने दोन्ही बाजूंचं भलं बघायचं म्हटलं की कुणाचं तरी राहतं.

आजीजवळ त्या दिवशी कोण थांबणार हे तुम्ही विचारलंत. धाकट्याला थांबवा. आईची साक्ष व्हायला त्याची गरज नाही, आणि पतसंस्थेच्या हिशोबाचं बोलणं त्याच्या डोक्यात घोळत असेल, तर आजीबरोबर एक दिवस काढलेला बरा.

सर्टिफिकेट हातात आलं की खिडकी सोडण्याआधी वाचा. नावं, ठेवींचे नंबर, रक्कम. एक आकडा चुकला तरी बँक परत पाठवते आणि दुरुस्तीला पुन्हा अर्ज लागतो. नक्कल विभागात त्याच दिवशी दोन-तीन प्रमाणित नकलांसाठी अर्ज देऊन ठेवा. बँकेत मूळ कागद दाखवा, पण त्यांच्या फाईलला नक्कल द्या, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या.